पोरीची सायकल बंद करू नका

उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर धावू लागतात. मागून कर्कश हॉर्न, वर एखादी शिवी, आणि शाळेला निघालेली पोर सायकलसकट साइडपट्टीच्या खड्ड्यात. घरी कळलं की ठरतं, ‘उद्यापासून सायकल बंद.’ मग हळूहळू शाळाही बंद. चूक गाडीवाल्याची, शिक्षा पोरीला!

रस्ता सायकलवाल्यांचाही आहे. पोरीला एवढं सांगा: डाव्या बाजूनं, एकामागं एक चालवायचं. शिवीला उत्तर द्यायचं नाही, गाडीचा नंबर तेवढा ध्यानात ठेवायचा. नंबर असला की ११२ वर पोलिसांना सांगता येतं.

कुणी धडक देऊन पळालाच, तर आधी १०८. गाडी सापडली नाही तरी सरकारी भरपाई मिळते. गंभीर जखमीला ५० हजार, मृत्यू झाला तर वारसांना २ लाख. २०२२ पासून हा नियम आहे. अर्ज प्रांत किंवा तहसील कचेरीत करायचा.

ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नसतात, हा विषय आपल्या गटानं ग्रामसभेत काढावा. ट्रॅक्टरवाला काही परका नसतो, आपल्यातल्याच कुणाचा तरी दीर नाहीतर भाऊ असतो. आज रात्री जेवायला वाढताना त्यालाही विचारा की.