कयाक घेण्यापूर्वीं



होडी ही दुकानांत मिळणारी वस्तु आहे, हें आमच्या लहानपणीं खाडीकांठच्या गांवांत कोणाच्या ध्यानींमनींही नव्हतें. ती सुतार घडवी. आणि पाणी कोणतें, माणसें किती, ओझें कसलें, हें विचारल्यावांचून तो लांकडास हात लावीत नसे. आज कयाक दुकानांत रंगीत प्लॅस्टिकच्या रूपानें उभी असते व तेथें हे प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. ते गिऱ्हाइकानें स्वतःसच विचारावयाचे असतात. मीं ते विचारले नाहींत.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्यूइट लोकांची शिकारीची होडी. वाहून आलेल्या लांकडांचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलें सीलचें कातडें. शिकारी ती स्वतःच्या अंगाच्या मापानें बेतीत असे. शिंप्यानें अंगरखा बेतावा तशी. हें मूळ विसरलें कीं खरेदी चुकते. एरवीं योग्य कयाक काय करूं शकते तें पाहा. ऑस्कर स्पेक नांवाचा जर्मन तरुण १९३२ मध्यें घडीच्या कयाकींतून उल्महून निघाला, हिंदुस्थानच्या किनाऱ्यानें पुढें गेला आणि १९३९ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या हद्दींत पोहोंचला.

आम्हांस खाडीच्या मुखापर्यंतही नीट जातां आलें नाहीं. नातवाच्या हट्टानें मीं ९ फुटांची, आंत बसावयाची एक कयाक घेतली. 'नवशिक्यास उत्तम' असें विक्रेता म्हणाला. तळ्यापुरतें तें खरेंही होतें. परंतु ऐन ओहोटीस मुलगा उलटला. त्यास पोहतां येत होतें, अंगांत तरंगतें जाकीट होतें. पण होडीच्या पोटांत आडभिंती नव्हत्या. ती पाण्यानें भरली, आणि तो चढूं लागला कीं पुन्हां कलंडे. ओहोटी त्यास समुद्राकडे ओढीत होती. जवळच पाग टाकीत असलेल्या एका कोळीदादांनीं दोर फेकला म्हणून तो परत आला. त्या वीस मिनिटांत मला किनाऱ्यावरून हांका मारण्यापलीकडे कांहीं करतां आलें नाहीं.

तेव्हां पहिला प्रश्न पाण्याचा. तळें किंवा धरणाचा संथ जलाशय असेल तर ९ ते १२ फूट लांब आणि २८ ते ३० इंच रुंद कयाक पुरते. ती स्थिर असते, मात्र मंद चालते. रुंद खाडी व समुद्र यांसाठीं १४ ते १७ फूट लांब, २२ ते २४ इंच रुंद, पुढें व मागें बंद कप्पे असलेली आणि कडेनें धरावयास दोरी असलेली हवी. कुंडलिकेसारख्या खळाळत्या नदीची आंखूड कयाक निराळीच. ती शिक्षकाच्या सल्ल्यावांचून घेऊं नये.

आपल्या उबदार पाण्यांत नवशिक्यानें वर बसावयाची कयाक घ्यावी, असें माझें स्पष्ट मत आहे. तिच्या बैठकीस आरपार भोंकें असतात. आलेलें पाणी त्यांतून निघून जातें. उलटली तरी ती सरळ करून पोटावर सरपटत वर चढतां येतें. अंग भिजतें, तें भिजूं द्यावें. थंड देशांतील लेखक आंत बसावयाच्या कयाकीची शिफारस करतात, त्याचें एक मोठें कारण तेथील गारठा आहे. आपल्या कोंकणी होडीस उलांडीचा आधार असतो. कयाकीस तो नसतो, हें नाखव्यांच्या घरच्या मुलांनींही विसरूं नये.

कयाकीवर लिहिलेला भार हा तिच्या सहनशक्तीचा शेवट समजावा. बसणारा, जाकीट, पाणी, डबा यांची बेरीज त्या आंकड्याच्या दोन तृतीयांशांत बसावी. कयाकीचें स्वतःचें वजनही पाहावें. प्लॅस्टिकची १२ फुटी कयाक सहज २५ किलो भरते, आणि ती तिसऱ्या मजल्यावर नेतांना खरेदीचा उत्साह मावळतो. सदनिकेंत राहणाऱ्यांस हवा भरावयाची सोयीची वाटेल. पण वारा तिला भरकटवितो, आणि आपल्या खडकांवरील कालवांच्या शिंपा सुरीसारख्या असतात. फायबरग्लासची हलकी व वेगवान खरी, पण खडकावर आपटली कीं तडकते.

सारे पैसे होडींतच घालूं नयेत. जाकीट आधीं घ्यावें. वल्हें हलकें असावें, कारण तें तासांत शेंकडों वेळां फिरवावें लागतें. सामान्यतः २२० ते २४० सेंटिमीटर लांबीचें पुरे, आणि रुंद कयाकीस त्यांतलें लांब.

पैसे देण्यापूर्वीं अर्धा तास पाण्यांत बसून पाहावें. पाय टेंकतात काय, गुडघे अडकतात काय? मग छातीइतक्या पाण्यांत, जवळ जाणता माणूस ठेवून, ती मुद्दाम उलटवावी आणि पुन्हां चढून पाहावें. जो विक्रेता यास नकार देईल, त्याचें दुकान सोडावें.

जुनी घेण्यांत कमीपणा नाहीं. आमची दुसरी कयाक जुनीच आहे. मागच्या टोंकाखालची झीज हातानें चांचपून पाहिली, पोटांत दोन घागरी पाणी ओतून घटकाभर खालीं पाझरतें कीं काय तें पाहिलें, आणि नातवास तीनदां उलटवून चढावयास लावलें. उन्हांत प्लॅस्टिक विटतें व वांकतें, म्हणून आतां ती आमच्या पडवींत रुंद पट्ट्यांनीं टांगलेली असते.