लढाऊ रोबोची बॅटरी

मुंबई आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये रोबोवॉर्सचं, म्हणजे लढाऊ रोबोंच्या झुंजीचं, रिंगण गाजतं. बाळापूरच्या मुलामुलींनो, तिथं उतरायचं तर आधी बॅटरी समजून घ्या. निकेल-कॅडमियमचा सेल १.२ व्होल्टचा, लिथियम पॉलिमरचा ३.७. लिथियम पॉलिमर वजनाला हलकी आणि जोराला भारी. पण घाव बसून सेल फाटला, तर पेट घेऊ शकते. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.२ व्होल्टचा. ही बॅटरी थोडी जड, पण उष्णता जास्त सोसते. बॅटरीची जात बदलली, की चार्जरही तिला चालणाराच हवा. आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात ती तापलेल्या टिनाखाली ठेवू नका. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. रोबो पुन्हा बांधता येईल, हात-डोळे आधी सांभाळा.