वडिलार्जित रायफल : आधी कागद, मग तेल
(कतारगाम, सुरत येथील मराठी रहिवाशांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कतारगामच्या कारागिराला एक गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. घंटीवर हिरा वाजवीपेक्षा जास्त घासला गेला, की गेलेला भाग परत येत नाही. आजोबांच्या पेटीत जुनी लष्करी रायफल निघाली, तर हेच भान ठेवणे आवश्यक आहे.

अशी रायफल बहुधा .३०३ बोअरची ली-एनफिल्ड असते. १९०७ साली स्वीकारलेला तिचा नमुना बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातही तयार होत असे. दोन्ही महायुद्धांत भारतीय जवानांच्या खांद्यावर हीच रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० साली निरोप दिला.

परंतु सैनिकाची रायफल त्याच्या मालकीची नसते. ती पलटणीच्या कोतमधून मिळते व निवृत्तीच्या वेळी तेथेच जमा होते. यास्तव ती घरी कशी आली, परवाना कोणाच्या नावे होता, हा पहिला प्रश्न होय.

परवाना हा व्यक्तीला असतो. परवानाधारक निवर्तल्यावर केवळ वारस म्हणून शस्त्र बाळगण्याचा अधिकार मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावयाचे असते. पेटीत काडतूस असल्यास त्यास हात न लावता आधी ठाण्यात वर्दी द्यावी. भीतीपोटी शस्त्र तापीत टाकणे किंवा जमिनीत पुरणे हा मार्ग नव्हे. जमा केल्याने मालकी बुडत नाही. परवाना मिळाल्यास वारसाला ते परत घेता येते, अथवा रीतसर विकता येते. वारसांच्या परवान्यासाठी २०१६ च्या शस्त्र नियमांत तरतूद आहे. .३०३ हा बोअर मात्र निर्बंधित असल्याने त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची मंजुरी लागते.

दुरुस्त करूनही जी झाडता येणार नाही, अशा कालबाह्य बंदुकीस कलम ४५ मध्ये सूट आहे. पण तो निर्णय घरच्यांनी परस्पर करावयाचा नाही. शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायासही परवाना लागतो. म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडे रायफल नेणे त्यालाही अडचणीत आणणे होय.

कागदपत्रे पूर्ण झाल्यावर जतनाचे काम येते. ती रिकामी असल्याची खात्री परवानाधारक कारागिराकडून करून घ्यावी. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनांमुळे नळीत क्षार राहत व ते ओल ओढून गंज धरीत. म्हणून जवान गोळीबारानंतर नळीत कढत पाणी ओतून मग तेल लावीत. आज वरवरचा गंज तेलात भिजविलेल्या मऊ कापडाने सावकाश काढावा. लाकडी दस्त्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरेसा आहे. चामड्याचा पट्टा वेगळा ठेवावा, कारण चामडे ओल धरून ठेवते.

काचपेपर मात्र कदापि वापरू नये. नळीवरील व बोल्टवरील क्रमांक, कारखान्याचा शिक्का, सालाचा आकडा, दस्त्यावरील ओरखडे हाच त्या रायफलीचा इतिहास आहे. चकाकी आणण्याच्या नादात तो एका दुपारी पुसला जातो.

रायफल पुन्हा झाडता येणे म्हणजे जीर्णोद्धार नव्हे. तिच्यासोबत आजोबांचे सेवापुस्तक, पदके व छायाचित्रे असतील, तर तीही कोरड्या जागी जपावीत. रायफल परत मिळाली नाही, तरी तिची पावती त्या कागदांत ठेवावी. नातवाला आजोबांची ओळख त्यातूनही होईल आणि त्याच्या हातून नकळत गुन्हाही घडणार नाही.