लेंकुरवाळ्यांची सुट्टी

शाळांच्या परीक्षा आटोपल्या कीं मुंबई-पुण्याच्या घराघरांतून दुसरी एक परीक्षा सुरू होते, ती सुट्टीच्या बेताची. नवराबायको दोघेंच असतात तेव्हां हा बेत जेवतां जेवतां ठरतो. घरांत दोन लहानग्यांची भर पडली, म्हणजे त्याच बेताला पंधरा दिवसही पुरत नाहींत.

दादरच्या अशाच एका कुटुंबाची हकीकत श्रोत्यांनीं ऐकण्यासारखी आहे. मुलगा पांच वर्षांचा, मुलगी दोन वर्षांची. मे महिन्यांत तीन दिवस माथेरानला जावयाचें ठरलें. वडिलांनीं पाहावयाच्या स्थळांची यादी केली. तींत पॅनोरमा, एको, लुइझा, शार्लोट तलाव अशीं बारा नांवें होतीं. आईनें सामानाची यादी केली. तींत तापाचें औषध, मापाचा चमचा, मेतकुटाची डबी, चार दुपटीं आणि धाकटीला झोपतांना लागणारें एक विटकें पांघरूण. हें पांघरूण घरीं राहिलें असतें तर बाराही स्थळें व्यर्थ होतीं, हें आईला ठाऊक होतें. वडिलांना तें तिसऱ्या दिवशीं कळलें.

माथेरानची निवड मात्र चुकली नव्हती. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेंत भरलेला हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंच आहे, आणि तेथील मोठी सोय ही कीं खाजगी मोटारी दस्तुरी नाक्यापाशींच थांबतात. शहरांत ज्या मुलाचा हात क्षणभर सोडतां येत नाहीं, तें येथें झाडांखालीं मोकळें धांवूं शकतें. परंतु याच सुखाचें दुसरें टोक असें, कीं नाक्यापासून बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर कोणीतरी चालावयाचे असतात, आणि जें मूल चालत नाहीं तें कोणीतरी उचलावयाचें असतें. दोन वर्षांच्या मुलीचें वजन अकरा-बारा किलो भरतें. पहिल्या फर्लांगाला तें फुलासारखें वाटतें. पुढें तसें वाटत नाहीं. माणसानें माणसाला ओढून नेण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं दिला, आणि तें योग्यच झालें. मुलांच्या ओझ्याचा हिशेब आईबापांनींच घरून करून निघावा.

१९०७ सालीं सुरू झालेली नेरळची चिमुकली गाडी मुलांना फार प्रिय. पण तिच्यांत जागा थोड्या, आणि पावसाळ्यांत नेरळपासून अमन लॉजपर्यंत ती बंदच असते. या कुटुंबाला तिकिटें मिळालीं नाहींत, म्हणून नेरळहून टॅक्सी केली. तिसऱ्या वळणावर मुलाला वांती झाली. निघतांना ‘पोट रिकामें नको’ म्हणून त्याला पेलाभर दूध पाजलें होतें, आणि वाटेंत गप्प बसावा म्हणून हातीं चित्रांचें पुस्तक दिलें होतें. डोळे पुस्तकावर स्थिर, आणि कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय मात्र प्रत्येक वळण मोजीत आहे! दोघांची साक्ष जुळत नाहीं, तेव्हां पोट ढवळतें. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास विशेष होतो. त्याहून लहानांना सहसा होत नाहीं. धाकटी मांडीवर खुशाल झोपली होती. पुस्तक मिटून समोरचा दूरचा डोंगर पाहावयास लावलें असतें, खाणें हलकें ठेवलें असतें, तर बहुधा आईची साडी वांचली असती.

पहिल्या दिवशीं पॅनोरमाला जावयाचें होतें. वाटेंत घोड्यांना पाणी पाजण्याचा एक हौद लागला आणि मुलगा तेथेंच थांबला. घोडा पाणी पितांना त्याचा गळा कसा हलतो, पाणी नाकांत कां जात नाहीं, पाणी पिऊन झाल्यावर तो फुरफुरतो कां — प्रश्न संपेनात. मग तांबड्या मातीचे लाडू झाले. माकडानें धाकटीच्या हातचें केळें पळविलें. ती आधीं रडली, नंतर माकड केळें सोलतें हें पाहून हंसली. दीड तास गेला. वडील घड्याळ पाहत होते. दऱ्याखोऱ्यांचा देखावा हा मोठ्या माणसांचा विषय आहे. लहान मुलाची दृष्टि हाताच्या अंतरावरील वस्तूंत रमते, आणि त्याला तेथून ओढून नेण्यांत कोणाचीच सुट्टी साधत नाहीं. हा साधा हिशेब शिकल्यासवरल्या माणसांनाही प्रवासांत सुचत नाहीं, याचें नवल वाटतें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं धाकटी झोपली असतां सूर्यास्तासाठीं तिला उठवावें कीं नाहीं यावरून दोघांत शब्दाला शब्द वाढला. “इतका खर्च करून खोलींतच बसावयाचें काय?” असें वडील म्हणाले. आईनें वाळत घातलेलीं दुपटीं काढतां काढतां उत्तर दिलें, “तुम्ही सुट्टीवर आलांत. माझी नुसती जागा बदलली.” यावर वडील कांहीं बोलले नाहींत. भरवणें, धुणें, रात्रीं दोनदां उठणें, यांतलें एकही काम दादरला राहिलेलें नव्हतें. उलट घरीं हाताशीं असलेली आजी आणि गॅसची शेगडी मात्र तेथेंच राहिली होती.

त्याच रात्रीं मुलीला जुलाब सुरू झाले. सामानांत क्षारसंजीवनीचें पाकीट नव्हतें. एवढ्या काटेकोर यादींतून तेंच सुटलें होतें. मग वडिलांनीं व्यवस्थापकाला उठवून पाणी उकळवून घेतलें, निववलें, आणि एक लिटर पाण्यांत साखरेचे सहा लहान सपाट चमचे व मिठाचा अर्धा चमचा विरघळविला. हें माप अंदाजानें घ्यावयाचें नसतें; मीठ अधिक झालें तर अपाय होतो. तें पाणी त्यांनीं पहाटेपर्यंत चमच्याचमच्यानें पाजलें. मूल पाणी पीत नाहींसें झालें, मलूल पडलें किंवा शौचांत रक्त दिसलें, तर घरगुती उपाय करीत न बसतां तत्काळ डॉक्टर गांठावा लागतो, आणि डोंगरावर तो कोठें भेटतो हें दिवसाउजेडीं विचारून ठेवावें लागतें. मुलीचें तितकें बळावलें नाहीं. तिला आवडणाऱ्या त्या विटक्या पांघरुणांत गुंडाळून तिला खांद्यावर घेऊन वडील उजाडेपर्यंत व्हरांड्यांत येरझारा घालीत होते. आई मात्र त्या रात्रीं सलग चार तास झोपली.

तिसऱ्या दिवशीं यादी कोणी काढली नाहीं. मुलीनें मेतकूट-भात खाल्ला. संध्याकाळीं तिला कडेवर घेऊन आणि मुलाचा हात धरून वडील एकटेच गाडीचें इंजिन दाखवावयास स्टेशनकडे गेले. वाटेंत घोड्यांचा हौद लागला, तेव्हां त्यांनीं घड्याळ पाहिलें नाहीं. आई व्हरांड्यांतील खुर्चीवर बसली होती. तीन दिवसांत प्रथमच तिनें चहा गरम असतांना प्याला, आणि आणखी एक पेला मागविला.