बंदुकीआधी घर बघा

(मिरजेत, वस्तीतल्या युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता नंतर. आधी एक हिशेब मांडायचाय, तो गेले सहा महिने माझ्या डोक्यात घण घालतोय. मी दहावी पास माणूस. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल चढवतो, उतरवतो. गोदीनं मला एक गोष्ट शिकवली. पेटीवर छापलेलं वाचून वजन कळत नाही, पाठीवर घेतल्यावर कळतं.

माझा मावसभाऊ इथंच मिरज तालुक्यातल्या एका गावात राहतो. टेम्पो चालवतो. मागच्या जयंतीला मिरवणूक वरच्या आळीतून गेली. त्या रात्री वस्तीवर दगड आले. मावशीच्या दाराचा पत्रा आत वाकला. कुणी मेलं नाही, म्हणून कुठं छापून आलं नाही. तीन रात्री मावशी बसून होती, उशाला कोयता घेऊन. चौथ्या रात्री भावानं मला फोन केला, "दादा, बंदूक घ्यायची. सेमी-ऑटोमॅटिक. सगळ्यात स्वस्तातली. तू बघून सांग."

मी त्याला हसलो नाही. ज्याच्या दारावर दगड पडला त्याला अहिंसेचं प्रवचन द्यायला मी कुणी महाराज नाही. मी म्हणालो, बघू. माल तपासू.

तर तपासू या.

ही बारा बोअरची छऱ्याची बंदूक. एका पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढं नळीचं भोक. म्हणून बारा बोअर. एकनळी, दुनळी आपण जत्रेत, लग्नात, पाटलाच्या खांद्यावर बघितलीय. सेमी-ऑटोमॅटिकचं वेगळं असतं. एकदा चाप ओढला की एक बार. मग रिकामं काडतूस ती स्वतःच बाहेर फेकते आणि नळीखालच्या नळकांड्यातलं दुसरं आत ओढते. पुन्हा चाप, पुन्हा बार. काहींत बाराचा वायूच हे यंत्र मागं ढकलतो, काहींत बंदुकीला बसणाऱ्या धक्क्यावर ते चालतं. जगाच्या बाजारात स्वस्तातला माल बराचसा तुर्कस्तानातून येतो. भावानं मोबाईलवर बघितला तो तिथलाच. गोरा माणूस मोकळ्या रानात उभा राहून धाडधाड बार काढतोय.

आता खोट बघा. हे यंत्र काडतुसाच्या जोरावर चालतं. काडतूस हलकं लागलं तर रिकामी टोपी दारातच अडकते. स्वस्त मालात हे जास्त. ती सतत साफ लागते, तेल लागतं, हात बसायला कितीतरी काडतुसं उडवावी लागतात. आणि काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात. आपल्याकडं पावसाळ्यात चूल पेटत नाही, पत्र्याला रातोरात तांब चढते. अशा घरात ते यंत्र पेटीत पडून राहिलं आणि ज्या रात्री लागलं त्याच रात्री अडकलं, तर ती लोखंडाची काठी. दुनळीत अडकायला काही नसतं. मोडायची, भरायची, लावायची. यंत्राचा प्रश्न एवढाच असता तर मी भावाला सांगितलं असतं, साधी घे.

कायद्यातही ती साध्या बंदुकीच्या रांगेत बसत नाही. शस्त्र नियमांनी अर्धस्वयंचलित हत्यारं वेगळ्या, बंधनाच्या वर्गात टाकलीत. तेव्हा मोबाईलवर दिसली म्हणून मिरजेच्या दुकानात ती मिळेल, हे डोक्यातून काढा. आणि कुणी म्हणत असेल की गावठी कट्टा स्वस्त पडतो, तर त्यानं नीट ऐकावं. बिनपरवान्याचं हत्यार आपल्या पोराकडं सापडलं की दगड मारणारे फिर्यादी होतात आणि आपण आरोपी. त्यांना हेच पाहिजे.

पण खरी तपासणी अजून राहिलीय. घराची.

मावशीचं घर दहा बाय बारा. एक भिंत विटेची, बाकी पत्रा. पलीकडं काकूचं घर, मधे तोच पत्रा. एलजीचे छरे त्या पत्र्याला विचारत नाहीत की पलीकडं कोण झोपलंय. त्या व्हिडिओतल्या गोऱ्याचं घर एका कोपऱ्यावर, शेजारी दुसऱ्या कोपऱ्यावर. आपल्या वस्तीत बार काढला तर पहिला आपलाच माणूस पडेल. आणि कुलपाची पेटी ठेवायची कुठं? पोरं तिथंच खेळणार, नवरा तिथंच दारू पिऊन येणार, कर्जानं पिचलेला माणूस तिथंच रात्रभर जागणार. अमेरिकेत 1993 साली तीन परगण्यांतल्या घरांचा अभ्यास छापून आला. ज्या घरात बंदूक, त्या घरात खून होण्याचा संभव जवळजवळ तिप्पट निघाला, आणि मारणारा बहुतेक घरातला नाहीतर ओळखीतला. ते श्रीमंत देशातलं. आपल्या दहा बाय बाराचा हिशेब तुम्हीच करा.

मी हे सगळं मावशीसमोर मांडत होतो. ती भाकरी थापत होती. मधेच म्हणाली, "आरं, ह्यो गाडीवर. तू मुंबैला. मग रातच्याला ती बंदूक उचलनार कोन? मी व्हय?"

मित्रांनो, गोदीत इतकी वर्षं माल उचलला, पण एवढं नेमकं वजन मला करता आलं नाही. दगड पडतात तेव्हा पुरुष कामावर असतो. घरात असते बाई, म्हातारी आणि पोरं.

आणि येतो कोण? ज्याच्यासाठी ही बंदूक बनवली तो रात्रीचा एकटा चोर आपल्याकडं येत नाही. चोरायला काय आहे? आपल्याकडं येतं ते गाव. खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांग्यांच्या घरावर चोर आला नव्हता, जमाव आला होता. चार माणसं मारली. इथं आपल्याच तालुक्यात बेडगला 2023 साली बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली गेली. तिथं कुठली बंदूक कुणावर रोखणार होता? बेडगच्या लोकांनी घरांना कुलपं लावली, बायकापोरं घेतली आणि मुंबईच्या वाटेला पायी लागले. त्या कुलपांचा आवाज बाराच्या आवाजापेक्षा लांब गेला. आणि घाटकोपरला रमाबाई नगरात 11 जुलै 1997 ला आपली दहा माणसं पडली, ती सरकारी बंदुकीनं.

आता कुणी म्हणेल, दादा, तू पोरांचे हात बांधतोस. नाही. हात कुणी बांधले ते सांगतो.

1878 साली इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा केला, देशाची हत्यारं काढून घेतली. 1890 नंतरच्या चार-दोन वर्षांत महारांची पलटणीतली भरती बंद केली. ज्यांनी लढायांत रक्त सांडलं त्यांना सांगितलं, तुम्ही लढाऊ जातच नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. या मिरजेचंच बघा. आज ज्यांच्या सतारी-तंबोरे जगभर जातात ते सतारमेकर मूळचे शिकलगार, तलवारींना पाणी देणारे. हत्यारांचा धंदा बसला तेव्हा त्यांनी भोपळा हातात घेतला आणि त्यातून सूर काढला. त्यांच्या हाताला दुसरं काम मिळालं. आपल्या हातातली बंदूक हुकमानं काढली आणि परत झाडूच दिला.

म्हणून बंदुकीचा हक्क मी सोडत नाही. तो कागदावर आहे, आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलाय. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 14 सांगतं की माणसाकडं पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं, आणि कलम 18 खाली अपील आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे 1995 चे नियम घ्या. नियम 3 म्हणतो, जिथं अत्याचार होईल असं वाटतं ती गावं सरकारनं आधी ओळखावीत. गरज वाटली तर तिथल्या बिगरदलितांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. आणि गरज पडली तर दलित-आदिवासींना परवाने द्यावेत.

क्रम बघितलात? आधी त्यांची काढा, मग आम्हाला द्या.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात. खुर्चीसाठी जमा होतात, मग जयंतीच्या आठवड्यात का नाही? आमचा जीव मतपेटीपेक्षा हलका आहे काय?

आता जगाकडं बघा. अमेरिकेत 1964 साली लुइझियानात काळ्या माणसांनी डीकन्स फॉर डिफेन्स उभी केली. हातात बंदुका होत्या आणि त्यांनी क्लॅनवाल्यांना वस्तीपासून लांब ठेवलं, हे खोटं नाही. पण ती एकेकाची घरची बंदूक नव्हती. ती पाळी लावून केलेली राखण होती. 1966 ला ब्लॅक पँथर भरलेल्या बंदुका घेऊन रस्त्यावर आले, तर 1967 ला कॅलिफोर्नियानं कायदाच बदलला. 2016 साली मिनेसोटात फिलांडो कॅस्टीलनं पोलिसाला स्वतःहून सांगितलं, माझ्याकडं बंदूक आहे. परवाना होता. पोलिसानं गाडीतच गोळ्या घातल्या, आणि पुढं तो निर्दोष सुटला. परवाना कागदावर असतो, जात आणि रंग चाप ओढणाऱ्याच्या डोक्यात असतो.

स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येकाला आहे. नव्या न्याय संहितेत कलम 34 ते 44. पण त्यातच लिहिलंय की गरजेपेक्षा जास्त इजा करता येणार नाही, आणि सरकारी मदत मागायला वेळ असेल तर हा हक्क चालत नाही. वेळ होता की नव्हता, हे कोर्टात ठरणार. तिथं आपली बाजू कोण मांडणार? साक्षीदार. महाडला 20 मार्च 1927 ला आपल्या माणसांची डोकी फुटली तेव्हा बाबासाहेबांनी लोकांना आवरलं. ते भित्रेपण नव्हतं. पुढं खटले चालले, मारणाऱ्यांपैकी काहींना शिक्षा झाल्या. आणि त्याच लढ्यातून समता सैनिक दल उभं राहिलं.

तर भावाला मी काय सांगितलं? स्वस्तातली सेमी-ऑटोमॅटिक घेऊ नको. तुझ्या घराला ती पेलणार नाही. तेच पैसे आणि त्याच चकरा दुसरीकडं लाव.

आम्ही तीन कामं केली. पहिला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना नियम 3 खाली: आमचं गाव अत्याचारप्रवण ठरवा, जयंतीआधी वरच्या आळीच्या बंदुका जमा करा. प्रत पोलीस अधीक्षकांना, पोच घेऊन. दुसरा, परवान्याचा अर्ज, मावशीच्या नावानं. होय, मावशीच्या! बंदूक घरात यावी म्हणून नाही. आम्हाला धोका आहे की नाही, हे सरकारनं सहीनिशी लिहावं म्हणून. उद्या दगड पडला तर तो कागद बोलेल, आणि कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच कायद्याचं कलम 4 दाखवता येईल. तिसरं, राखण. दोन-दोन पोरं, पाळी लावून, शिट्टी आणि बॅटरी घेऊन. दगड आला की प्रत्येक घरातला मोबाईल चालू झाला पाहिजे.

परवान्याचं उत्तर अजून आलेलं नाही. मावशी दर आठवड्याला विचारते, "माझ्या बंदुकीचं काय झालं रं?" आणि हसते. दगड पडल्यापासून ती पहिल्यांदा हसली, ते त्या अर्जावर अंगठा दिला त्या दिवशी.

उद्या तुमच्यातला कुणी बंदुकीचं चित्र घेऊन आला तर त्याला हाकलू नका. त्याच्या घरी जा. पत्रा वाजवून बघा, पलीकडं कोण झोपतं ते विचारा, रात्री घरात कोण असतं ते विचारा. मग त्याच्या शेजारी बसून अर्ज लिहा. आणि त्या रात्री तिथंच झोपा.

जयभीम.