शस्त्राचा परवाना आणि शेजाऱ्याचे कर्तव्य



शस्त्र बाळगण्याचा प्रश्न या देशात प्रथम स्वाभिमानाचा प्रश्न म्हणून उभा राहिला. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या राजवटीत शस्त्रकायदा झाला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपियनांना सूट, असा त्यातील उघड भेदभाव होता. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट झाला.

डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती घटना समितीत मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारालाही मिळेल, आणि राष्ट्रावर संकट आले असता नागरिकाच्या हक्कापेक्षा त्याचे कर्तव्य महत्त्वाचे ठरते, अशी त्यांची भूमिका होती.

पुढे १९५९ च्या कायद्याने परवान्याची चौकट घातली. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना त्या कायद्याला मान्य आहे. रानडुकरांनी ज्याचे शेत उद्ध्वस्त केले, त्या शेतकऱ्याची ती गरज आहे. वरातीत हवेत बार काढणाऱ्याची मात्र ती निव्वळ मिजास; तीतून इतरांचा जीव धोक्यात आला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१६ च्या नियमांनी सुरक्षिततेचे प्रशिक्षण आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आवश्यक केली. रिकामी बंदूक कुलपात, काडतुसे निराळ्या जागी, आणि दोहोंच्या किल्ल्या मुलांपासून दूर, एवढी शिस्त ज्याला पाळता येत नाही, त्याने परवाना मागू नये.

परंतु बंदूक घरात आली म्हणजे संकटाची तयारी झाली, हा भ्रम आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली झोपेतच गाडली गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. या दोन्ही प्रसंगी कोणती बंदूक कोणाच्या उपयोगी पडणार होती? बाहेरची मदत पोहोचेपर्यंत ढिगारा उपसणारे आणि पाण्यातून हात देणारे शेजारीच असतात.

तयारीलाही वर्गीय बाजू आहे. ज्याचे पोट हातावर आहे, त्याला पंधरा दिवसांचा शिधा घरात साठवण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. त्याची तयारी म्हणजे भरलेले रेशन दुकान, पक्क्या बांधणीची शाळा आणि औषधे असलेले आरोग्य केंद्र. या गोष्टी एकट्याने विकत घेता येत नाहीत. त्या संघटितपणे मिळवाव्या लागतात.

कार्यकर्त्यांचे काम येथूनच सुरू होते. आपल्या वस्तीत एकटे राहणारे वृद्ध किती, अंथरुणाला खिळलेले किती, उंचावरची जागा कोणती, दोर व कंदील कोणाकडे, प्रथमोपचार कोणाला येतो, याची यादी पावसाळ्यापूर्वी तयार असली पाहिजे. शस्त्राचा परवाना मोजक्यांनाच मिळेल. शेजाऱ्यासाठी धावून जाण्याला मात्र कोणत्याही सरकारचा परवाना लागत नाही.