वाकडे दात आणि वाढलेले वय

(पंचायत समितीच्या सभागृहात आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी वैद्य नाही, माहिती खात्यातील अधिकारी आहे. तथापि आजच्या विषयाचा मी स्वतः रुग्ण आहे, म्हणूनच आपणांपुढे उभा आहे.

माझे पुढचे दात लहानपणापासून एकमेकांवर चढलेले. चारचौघांत हसू आले की हात आपोआप तोंडापुढे जाई. “आता या वयात कशाला?” असे घरची मंडळी म्हणत, आणि मलाही ते पटे. चाळिशी उलटल्यावर मात्र हिरड्यांतून रक्त येऊ लागले. दातांच्या दाटीत अडकलेले अन्न ब्रशने निघत नव्हते. प्रश्न केवळ रूपाचा नाही, हे मला तेव्हा उमगले.

दात हाडात घट्ट रोवलेला असतो, मग तो सरकतो कसा? त्यावर मंद व सातत्याने दाब दिला, की दाबाच्या बाजूचे हाड झिजते आणि विरुद्ध बाजूस नवे हाड तयार होते. वयपरत्वे ही क्रिया काहीशी मंदावते, पण थांबत नाही. प्रौढांच्या बाबतीत फरक दोन. जबड्याची वाढ पूर्ण झालेली असल्याने जबड्यातीलच मोठे व्यंग केवळ तारेने सुधारत नाही. प्रसंगी शस्त्रक्रियेची जोड द्यावी लागते. दुसरे, हिरड्यांचा विकार असल्यास तो आधी आटोक्यात आणावा लागतो. माझेही पहिले काही महिने त्यातच गेले.

उपचारांचे मार्ग अनेक आहेत. धातूची तार सर्वांत जुनी, भक्कम व तुलनेने स्वल्प खर्चाची. सिरॅमिकच्या पट्ट्या दातांच्या रंगात मिसळतात. काही तारा दातांच्या आतल्या बाजूने बसवितात. पारदर्शक साचे जेवताना काढता येतात. मात्र ते दिवसातून वीस ते बावीस तास घालावे लागतात आणि प्रत्येक रुग्णास चालतातच असे नाही. जागा करण्यासाठी कधी एखादा दात काढावा लागतो. उपचारास बहुधा दीड ते अडीच वर्षे लागतात. त्यानंतर दात पूर्वस्थितीकडे वळू नयेत म्हणून ‘रिटेनर’ वापरावाच लागतो.

एक सावधगिरीची सूचना. “आठ दिवसांत दात सरळ” अशा आश्वासनामागे पुष्कळदा निरोगी दात घासून त्यांवर टोपी बसविणे एवढेच असते. घासलेले कवच पुन्हा उगवत नाही. म्हणून दंतव्यंगोपचारातील पदव्युत्तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा आणि कालावधी व खर्च लेखी मागावा. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत या शास्त्राचे स्वतंत्र विभाग आहेत. तंबाखू, मिश्री सोडणे आणि मधुमेह नियंत्रणात ठेवणे, हाही उपचाराचाच भाग होय.

गावात जाल तेव्हा दोन गोष्टी अवश्य सांगा. सातव्या वर्षाच्या सुमारास मुलांचे दात तज्ज्ञास दाखवावेत, आणि ती वेळ हुकलेल्या थोरांनी आता उशीर झाला असे समजू नये. माझे दात आज चित्रातल्यासारखे नाहीत. पण ब्रश सर्वत्र पोहोचतो, रक्त येत नाही, आणि बोलताना हात मोकळे राहतात.